ढोल्या बसला की पास

शुक्रवार, ९ नोव्हेंबर
सकाळ

प्रिय रंध्या,

सप्रेम नमस्कार. वि. वि. इकडे सगळे बरे आहेत. मुलगा आणि सूनबाई कामावर गेलेत, घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. तुझा खोकला कसा आहे? भुशात काम करताना तोंडाला फडकं बांधतोस, की अजून तसाच?

चार गल्ल्यांपलीकडच्या माणसाला पत्र कसलं लिहितोस, फोन मोडलाय का, असं म्हणशील. फोन धड आहे. बुधवारी केला होता की तुला. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि समोर आलास की मीच गप्प होतो. कागदाचं बरं असतं, तो मध्येच ‘अरे ऐक तर’ म्हणत नाही.

आज उठल्यापासून एक आवाज कानात आहे. आपल्या वर्गातल्या तिसऱ्या रांगेतल्या बाकाचा. कवितेचा तास, खिडकीतून आलेली उन्हाची तिरपी पट्टी, तिच्यात तरंगणारी खडूची धूळ, आणि सगळा वर्ग एका सुरात ती नदीची कविता म्हणतोय. मास्तर टाचेनं ताल धरायचे. मी डोळे मिटून डोलायचो, कारण कविता सुरू झाली की मला न डोलता येतच नसे. आणि ओळीच्या शेवटी, नेमकं यमक यायचं तिथं, आपलं बाक ‘कुईं’ करायचं. नदी वळली, कुईं. नदी पसरली, कुईं. मागची पोरं आधी खुदखुदली, मग उघड हसायला लागली. शेवटी मास्तरांनी मला उभं राहून म्हणायला सांगितलं. शिक्षा म्हणून नाही, बाकाची दया येते म्हणून, असं ते म्हणाले आणि वर्ग हसून आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी मी बसलो तर बाक मुकं. तू लवकर येऊन त्याच्या सांध्यात लाकडाची पाचर ठोकली होतीस. मला एका शब्दानं बोलला नाहीस. मला कळलं ते तुझ्या अंगठ्याला बांधलेल्या चिंधीवरून. तेव्हापासून सुताराच्या रंध्यावरून तू रंध्या झालास. मी त्याच्या आधीपासूनच ढोल्या होतो.

बघ, पुन्हा नदीकाठी भटकायला लागलो. कामाचं आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं तुझ्यापर्यंत पोचेल. उद्या सकाळी टेम्पो येईल तेव्हा त्या हॉस्पिटलच्या खुर्च्या त्यात चढवू नकोस. एकही नको. माल तयार आहे, पॉलिश वाळलंय, तू शब्द दिलायस, सगळं मला माहीत आहे. तरी चढवू नकोस.

कारण लिहितोय. एका दमात लिहिता येत नाहीये, तेवढं सांभाळून घे.

उभा जन्म पोरांना भाषा शिकवून मी घरी बसलो तेव्हा तू म्हणाला होतास, घरी बसायचं ते माझ्या दुकानात येऊन बस. मला वाटलं फोन घ्यायला, गिऱ्हाइकाशी दोन गोड शब्द बोलायला. ते तर होतंच. पण पहिल्याच दिवशी तू एक कोरी खुर्ची माझ्यापुढं ढकललीस. बस म्हणालास. नीट बस, अंग सोडून बस, आता मागं रेल, आता कवितेत डोलायचास तसा डोल. मी डोललो. खुर्ची हूं नाही की चूं नाही. तू तिच्या बुडाखाली खडूनं बरोबरची खूण केलीस आणि त्या दिवसापासून तो दुकानाचा कायदाच झाला: ढोल्या बसला की पास. सांधा कच्चा असला तर माझ्याखाली तो बोलायचाच. मग तू ती खुर्ची काढून घ्यायचास, सांधा उकलायचास, नवा सरस लावून शिकंज्यात घालायचास. दुकानाबाहेर गेलेली एक खुर्ची परत आली नाही. गिऱ्हाइकांना तू छाती फुगवून सांगायचास, आमच्याकडे मशीन नाही, आमच्याकडे मास्तर आहेत.

त्या खडूच्या खुणेनं मला काय दिलं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची आणि माणसं दांडीला लोंबकळत उभी राहायची. शाळेच्या फोटोत मला कडेला घालायचे. शिंप्याचा टेप पुरायचा नाही आणि तो ते आतल्या माणसाला ओरडून सांगायचा. या देहाला सगळ्यांनी हसून घेतलं. मीही त्यांच्यात सामील व्हायचो, कारण आपण आधी हसलं की पुढच्याचं हसू जरा कमी लागतं. त्या देहाला काम दिलंस तू. फक्त तूच. दुकानात शिरलो की वाटायचं, इथं मी जितका आहे तितका सगळाच्या सगळा लागतो.

म्हणून तर पुढचं सगळं झालं.

दुपार

सूनबाईनं झाकून ठेवलेलं सूप पिऊन आलो. पिऊन म्हणजे काय, चमच्याचमच्यानं, दोन चमच्यांमध्ये खिडकीबाहेर बघत. लहान वाटी असते आणि तीही संपत नाही. इथूनच सुरुवात करतो.

फेब्रुवारीत मी महिनाभर मुलीकडे जाऊन आलो, असं तुला सांगितलं होतं. मी मुलीकडे गेलोच नव्हतो. मी इथंच होतो, तुझ्या दुकानापासून बसनं अर्ध्या तासावर, एका हॉस्पिटलात, आणि मग या घरात पडदे ओढून. माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं. वजन उतरवायचं ऑपरेशन. जठराचा मोठा भाग काढून टाकतात, उरतं ते केळ्याएवढं.

लिहिलं एकदाचं. घरच्या माणसांखेरीज हे कुणाला ठाऊक नाही, आणि त्यांच्याकडूनही मी शपथा घेतल्यात.

हौस म्हणून केलं नाही रे. साखर हाताबाहेर गेली होती. गुडघे तर तुला दिसतच होते. पण झोपेत श्वास अडकायचा, ते तुला दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मास्तर, अशाच एका झोपेतून तुम्ही उठणार नाही. मी म्हटलं कवीला शोभेल असं मरण आहे. ते हसले नाहीत. सूनबाई शेजारी बसली होती, तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग मलाही हसू येईना.

मग तुझ्यापासून का लपवलं? तो दिवस तुला आठवणार नाही. मला तुझ्या दुकानातल्या उजेडासकट आठवतो. जानेवारी होता. चहा आला होता. वहिनी पॉलिशचा बोळा बाजूला ठेवून सांगत होत्या की त्यांच्या मावसबहिणीनं असं ऑपरेशन करून घेतलं आणि आता ती जिने चढते, बाजार करते. सांगता सांगता, जरा हसत, जरा तुझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, मी पण विचारू का एकदा डॉक्टरांना? तू हातातल्या रंध्यावरून मानसुद्धा वर केली नाहीस.

‘ज्यांना तोंड आवरत नाही ती माणसं पोट कापून घेतात,’ म्हणालास. ‘चोरवाट आहे ती.’

सगळे हसले. करवतीवरचा गडी हसला, वहिनी हसल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. कारण तोवर माझ्या ऑपरेशनची तारीख ठरून गेली होती.

तू दुष्टपणानं बोलला नाहीस, हे मला कळतं. तुझ्या हाताला जे काही आलं ते घासून, तासून, घाम गाळून आलं. तुला वाटतं सगळं तसंच यायला हवं. पण ते वाक्य मी ऑपरेशनच्या टेबलावर घेऊन गेलो, आणि शुद्धीवर आलो तेव्हाही ते उशाशी होतं.

त्यानंतरचे महिने म्हणजे निव्वळ नाटक. कमी दिसायला लागलो तसं मी सांगितलं, सकाळी चालतो, रात्री नुसतं दूध घेतो. किती उतरलं असं तू विचारलंस, मी म्हटलं असेल दहा-बारा किलो. त्याच्या तिपटीहून जास्त उतरलं होतं. ते दिसू नये म्हणून जुनेच सदरे, आत एकावर एक दोन स्वेटर, वर कोट, उन्हाळ्यातसुद्धा. तू म्हणालास, मास्तर, थंडी वाजते म्हणजे म्हातारे झालात. मी घामानं निथळत मान डोलावली. वहिनी माझ्यासाठी भरून आणायच्या तो डबा मागच्या दारी कुत्र्याला जायचा. ते कुत्रं बघितलंस? करवतीवरचा गडी म्हणायचा, याला कुणाची दृष्ट लागली म्हणून असं सुजलंय. माझं वजन कुठं गेलं, याचा तेवढा एक पुरावा दुकानात शेपूट हलवत फिरत होता.

आणि खुर्च्या? तू पुढं ढकलत राहिलास, मी बसत राहिलो. तुझ्या डोळ्यांना मी अजून तोच ढोल्या होतो. एकदा तू म्हणालाही होतास, याची हाडंच जड आहेत. पहिल्यांदा बसलो तेव्हा मला वाटलं, आता सांगावं. पण सांगितलं की ती खडूची खूण गेली. मग मी तिथं कोण? फोन घेणारा म्हातारा. म्हणून मी एक युक्ती काढली, आणि ती लिहिताना आता मला माझीच लाज वाटते. कपाटाच्या खणातल्या पितळी बिजागऱ्या मी कोटाच्या खिशांत भरायला लागलो. आतल्या खिशांत, बाहेरच्या खिशांत, स्वेटरच्या आत रुमालात बांधून. जड उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं, पोटाचे टाके आतून उसवतात म्हणून. मी ते अंगावर घालून डोलत होतो. आठवतं, तू ओरडत होतास, दुकानात बिजागऱ्या कोण खातंय? मी खात होतो, रंध्या. वीसभर बिजागऱ्या घातल्या तरी कितीसं वजन होणार? पूर्वीच्या ढोल्याच्या एका मांडीएवढं नाही. पण खिसे जड लागले की मन हलकं व्हायचं, असं खोटं समाधान.

आता त्या खुर्च्यांचं. ती ऑर्डर तुझ्याकडे आपोआप आली नाही. ते हॉस्पिटल माझंच, माझं ऑपरेशन झालं ते. तपासणीला जायचो तेव्हा तिथल्या बाहेरच्या खोलीत हातांच्या अरुंद खुर्च्या होत्या. माझ्यासारखी माणसं त्यांत शिरली की खुर्ची घेऊनच उठायची. म्हणून आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे राहायचो, डॉक्टरांची वाट बघत, एकमेकांकडे न बघता. ऑपरेशननंतर मी डॉक्टरांना म्हटलं, तुमच्याकडे येणाऱ्याला बसायलाच जागा नाही. ते म्हणाले, कुणी करून देणारा आहे का? तोंडातून तुझं नाव निघून गेलं. अभिमानानं निघालं. जिना उतरताना लक्षात आलं, आता हे हॉस्पिटल तुझ्या दुकानात येणार.

त्यांच्या मोठ्या नर्सबाई नमुना बघायला आल्या तो दिवस आठव. तू हाका मारत होतास, मास्तर, अहो मास्तर, आणि मी सापडत नव्हतो. मी दुकानातल्याच एका अर्धवट झालेल्या कपाटात होतो, दार आतून ओढून धरलेलं. त्यांनीच माझ्या पोटाची पट्टी बदलली होती, मला बघताच पहिला प्रश्न जखमेचा विचारला असता. आत लाकडाचा कोरा वास, फटीतून एक रेघ उजेड, आणि त्यांचा आवाज. त्या तुला सांगत होत्या, ‘आमच्याकडे येणारी माणसं आधीच लाजून येतात. खुर्ची मोडून सगळ्यांसमोर कुणी पडलं, तर ते माणूस परत यायचं नाही.’ तू म्हणालास, ‘बाई, आमचा माणूस बसल्याशिवाय खुर्ची बाहेर जात नाही.’

मी ते कपाटात बसून ऐकलं. आमचा माणूस! कपाटात जागा कशी छान झाली होती मला, वर्षापूर्वी एक खांदाही मावला नसता.

त्या सगळ्या खुर्च्यांवर मी बसलोय. सगळ्यांना खूण आहे. आणि त्या खुणेला काही अर्थ नाही.

आता तू म्हणशील, मग वाळूची पोती ठेवून बघ म्हणायचंस. बुधवारी फोन केला तो त्याचसाठी. म्हटलं, रंध्या, या वेळी पोती ठेवून एकदा बघ, रुंद खुर्च्या आहेत, नवं माप आहे. तू म्हणालास, ‘तू बसलायस ना? मग झालं.’ आणि फोन ठेवलास. इतका भरवसा माणसानं माणसावर ठेवू नये रे. निदान मी तुझ्याशी खोटं बोलत असताना तरी.

दुपार उलटून गेली

एवढं लिहून उठलो होतो. पत्र घडी घालून पाकिटात घातलं, वर तुझं नाव लिहिलं. मुलगा संध्याकाळी आला की दुकानात पोचतं करायला सांगणार होतो. मग पुन्हा काढलं. कारण मी सोमवार लिहिलाच नाही. सगळं लिहिलं, बाक लिहिलं, नदी लिहिली, कुत्रं लिहिलं, आणि सोमवारला वळसा घालून पुढं गेलो. पोट बिघडलंय म्हणून चार दिवस येत नाही, असं तुला कळवलं तेही खोटं. पोट छान आहे.

सोमवारी खुर्च्यांचं शेवटचं पॉलिश झालं. चहा आला. वहिनी पहाटेपासून उभ्या होत्या. त्यांनी हात पुसले, कप घेतला आणि त्यातल्याच एका खुर्चीवर बसल्या. सकाळीच मी पास केलेली. त्यांनी नुसतं मागं रेलून डोळे मिटले. आणि मागच्या पायाचा सांधा उघडला.

लाकूड मोडल्याचा आवाज झाला नाही. सरस सुटल्याचा झाला, फडकं फाडावं तसा. वहिनी कुशीवर पडल्या, चहा अंगावर. तू धावलास, हे मी बघितलं. रंधा टाकून धावलास, त्यांचं मनगट दाबून बघितलंस, डोकं बघितलंस. कुठं काही लागलं नाही असं कळल्यावर तुझा जीव भांड्यात पडला आणि मग, तुझी सवयच ती, तू थट्टेवर आलास.

‘ढोल्या बसला तेव्हा हूं नाही की चूं नाही,’ म्हणालास. ‘आणि तू बसलीस तर खुर्चीनं पायच फाकवले? ढोल्याला मागं टाकलंस की काय?’

गडी हसला. तू हसलास. वहिनी ओल्या पदरानं चहा पुसत हसल्या. म्हणाल्या, ‘टाकलं असेल. भाऊजींना जमलं ते मला कुठं जमतंय.’

मी तिथंच होतो. खिशात बिजागऱ्या होत्या. मी एक शब्द बोललो नाही. तू तेवढी एक खुर्ची उकलून पुन्हा जोडलीस, बाकीच्यांना माझी खूण आहे म्हणून हात लावला नाहीस.

हे तरी तुला कळेल असं लिहितो. त्या वाक्यामागं अजून एक आहे, आणि ते तुला माहीत नाही. उन्हाळ्यात एकदा तू लाकूड आणायला गेला होतास तेव्हा वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं. ‘भाऊजी, खरं सांगा. नुसतं चालून?’ त्यांचे डोळे, रंध्या. परीक्षेत पास झालेल्या मुलाच्या वहीकडे नापास मुलगी बघते तसे. मी शाळेत असले डोळे आयुष्यभर बघितले आणि कधी फसवले नाहीत. त्या दिवशी म्हणालो, ‘नुसतं चालून, वहिनी. आणि रात्री दूध.’

तेव्हापासून त्या पहाटे चालतात. तू झोपलेला असतोस. ते दुखरे गुडघे घेऊन तळ्याला फेऱ्या मारतात, काठाची भिंत धरून. मी एकदा लांबून बघितलं आणि वाट बदलली. रात्री दूध घेतात आणि तुला सांगतात की भूक नाही. तू म्हणतोस ही अलीकडे चिडचिडी झालीय. उपाशी बाई चिडचिडी नाही होणार तर काय होईल? आणि इतकं करून काटा हलत नाही, म्हणून त्यांना वाटतं की खोट आपल्यातच आहे. मन घट्ट नाही, निष्ठा कमी पडते. कारण भाऊजींनी करून दाखवलंय ना.

तुझं ते चोरवाटेचं वाक्य मी वर्षभर काळजात धरून बसलो, रंध्या म्हणाला म्हणून मी लपवलं असं स्वतःला सांगत राहिलो. पण तुझं वाक्य मला लागलं, त्याची किंमत वहिनींनी का द्यायची? तू निदान तोंडावर बोललास. मी गोड बोललो.

आणि चोरवाट म्हणशील तर ऐक. वाटीभर सूप प्यायला मला अर्धा तास लागतो. घास नीट चावला नाही तर तो तसाच परत येतो. गोडाचा एक तुकडा खाल्ला तर घाम फुटून आडवं पडावं लागतं. केस गळाले, ते टोपीखाली आहेत. मला जन्मभर जेवणाशिवाय दुसरी सोबत ठाऊक नव्हती, ती सोबत गेली आणि तिच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. तरीही मी जिवंत आहे, जिना न थांबता चढतो, आणि झोपलो की सकाळी उठतो. वहिनींना विचारायचं असेल तर त्यांनी विचारावं. त्यांचं त्यांनी आणि डॉक्टरांनी ठरवावं. तुझ्या-माझ्या हसण्याला भिऊन नको.

तू मला दुकानात ठेवशील की नाही, माहीत नाही. गड्याला, गिऱ्हाइकांना, आपल्या शाळेच्या मंडळींना तू हे सांगितलंस तरी मी अडवणार नाही. मला ते आवडेल असं नाही. ते माझं होतं, माझ्या कातडीखालचं, आणि अजूनही मला वाटतं की प्रत्येकाला दाखवायचं काही कारण नाही. पण त्याच्यावर दुसऱ्याला बसवायला नको होतं. तेवढं मला या चार दिवसांत कळलंय. खुर्च्या उकल, सांधे पुन्हा भर, वाळूची पोती दाबून ठेव. दोन दिवस उशीर झाला तर हॉस्पिटलला मी स्वतः जाऊन सांगतो. नर्सबाईंसमोर उभा राहून सांगतो, कपाटात बसून नाही.

दाराची घंटा वाजली. मुलगा इतक्या लवकर येत नाही. बघून येतो.

वहिनी आहेत.

रंध्या, त्या तीन जिने चढून आल्यात. आमच्या घरी त्या कधी वर आल्या नाहीत, मुलाच्या लग्नातही खाली मांडवातच थांबल्या होत्या. एकट्याच आहेत. तुला सांगून आलेल्या नाहीत, हे त्यांनी दारातच सांगितलं. कठड्याला धरून बराच वेळ नुसता श्वास घेत होत्या. मी पाणी दिलं. खुर्ची पुढं केली, बसा म्हटलं. त्यांनी खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाल्या, नको, उभीच बरी.

मग म्हणाल्या, ‘भाऊजी, तुम्ही मास्तर होतात. तुम्ही केलंत तसंच सगळं करतेय मी. माझं कुठं चुकतंय, तेवढं एकदा नीट शिकवा.’

पेन शोधतो असं सांगून मी आतल्या खोलीत आलोय आणि उभ्यानं हे लिहितोय. त्यांना वाटतंय, मी त्यांना काहीतरी लिहून देणार आहे.

हे पत्र तुझ्यासाठी होतं. पण तुझ्याआधी त्यांना सांगतो. आत्ता, तोंडानं. पत्र त्यांच्याच हाती देईन, तू वाचशील तेव्हा त्या तुझ्यासमोर असतील. वाचून झाल्यावर आधी त्यांच्याकडे बघ, मग माझ्याकडे यायचं की नाही ते ठरव.

खुर्च्या चढवू नकोस.

लोभ होता, हे मला ठाऊक आहे. राहील का, ते आता तुझ्या हातात.

तुझा,
काल-परवापर्यंतचा
ढोल्या